सोलापुरात निवांत इटालियन जेवण : काय मागवावं, कुणाला घेऊन जावं

मालदांडी

सात रस्त्याकडून आत वळलं की एका गल्लीत छोटंसं इटालियन रेस्टॉरंट सुरू झालंय, इथल्या काही जणांना माहीत असेलच. नाव लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल, ज्यांना हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सात-आठ टेबलं, पिवळे मंद दिवे, नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. दादा आत शेगडीवर, वहिनी गल्ल्यावर, आणि ऑर्डर घ्यायलाही त्याच येतात. स्वयंपाकघर अर्धं उघडं आहे, काचेपलीकडं पॅन दिसतात, लसणाचा वास आधी येतो आणि मेनूकार्ड नंतर. गाणी अगदी हळू, ओरडून बोलावं लागत नाही. सोलापुरात चार माणसं घेऊन बाहेर जेवायचं म्हणजे एक तर धाबा नाही तर मोठा हॉल आणि वर टीव्हीवर मॅच, त्यामुळं दोन तास बसून गप्पा मारता येतील अशी जागा झाली याचा मला फार आनंद झालाय.

पण मला लिहायचंय ते मागवण्याबद्दल. आजूबाजूच्या टेबलांवर बघते तर बहुतेक जण व्हाइट सॉस पास्ता, त्यावर एक्स्ट्रा चीज, सोबत गार्लिक ब्रेड एवढंच सांगतात, निम्म्यातच जड व्हायला लागतं आणि मग 'इटालियन म्हणजे नुसता मैदा आणि चीज' म्हणत उठतात. वाईट वाटतं हो, कारण त्याच मेनूत खाली आपल्या जिभेला बरोब्बर जमणारे पदार्थ आहेत आणि त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

अ‍ॅलिओ ओलिओ घ्या ना एकदा. स्पॅगेटी, लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी लाल मिरची, वरून थोडी पार्सली, बास. मी काचेजवळच्या टेबलावर बसले होते म्हणून नीट बघता आलं. दादांनी तेल गार असतानाच त्यात लसणाचे पातळ काप टाकले आणि गॅस बारीक ठेवला, आपण फोडणीत लसूण तडतडवतो तसं अजिबात नाही. कापांच्या कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले, काप जेमतेम बदामी झाले की मिरची टाकली आणि लगेच पास्ता उकडलेल्या पातेल्यातलं डावभर गढूळ पाणी. मग पास्ता टाकून पॅन नुसता हलवत राहिले. आधी तेल वेगळं पाणी वेगळं दिसत होतं, बघता बघता दोन्ही एकजीव होऊन दुधाळ झालं आणि एकेका स्पॅगेटीला चिकटून बसलं. पास्त्याचा स्टार्च पाण्यात उतरलेला असतो त्यामुळं ते जमतं, क्रीमचा थेंब लागत नाही. ताट पुढ्यात आलं तेव्हा खाली तेलाचं तळं नव्हतं, सगळं पास्त्याच्या अंगावर होतं.

लसूण, तेल आणि लाल तिखट हे तर आपलंच की. पेस्तोचं बघा, इटलीत जिनोव्हाकडं संगमरवरी खलात बेझिलची पानं, लसूण, मीठ, पाइन नट आणि चीज लाकडी बत्त्यानं कुटतात, त्यात ऑलिव्ह तेल सोडतात. आपल्याकडं उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट तेल सुटेपर्यंत कुटतात. शेंगा चटणीवर वाढलेल्या माणसाला पेस्तो परका वाटायचं काही कारणच नाही, फक्त त्याला कुणी तरी सांगायला पाहिजे की हा हिरवा सॉस दिसतोय तो चटणीच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच, साधे पदार्थ मागवा, आधी चव घ्या आणि मग लागलं तर चीज मागा. आणि आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जा, कॉलेजच्या पोरांनीच खायचं असं हे जेवण नाही. तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

पूर्वभाग

ताई लिहिलंय भारी, वाचतानाच भूक लागली. पण मला स्पष्ट बोलू द्या. मागच्या महिन्यात आम्ही चार दोस्त गेलतो तिथंच, साडेतीनशेचा पास्ता आणि ताटलीच्या मधोमध एवढासा ढीग, कडेनं सगळी पांढरी बशी. आपल्याकडं साडेतीनशेत माणूस कडक भाकरी, मटण, रस्सा पोटभर जेवून उठतो वर सोलकढी नसली तरी ताक मिळतं. चव चांगली होती, नाही म्हणत नाही, पण घरी जाताना पार्क चौपाटीवर थांबून परत खाल्लं आम्ही. माणसानं जेवायला गेल्यावर जेवून यावं का नाही?

उजनीकाठ

@पूर्वभाग, तुमचं चूक नाही, पण तिथं पास्ता हे पूर्ण जेवण धरतच नाहीत हो. इटलीत रीतसर जेवण असेल तर आधी काही तरी छोटं, मग पास्ता किंवा रिसोतो (तिकडचा मऊ भात) किंवा सूप, त्यानंतर मांस-मासे आणि सोबत भाजी, शेवटी गोड. पास्ता पहिल्या वाढीचा पदार्थ, म्हणून माणशी ८० ते १०० ग्रॅम कोरडा पास्ता धरतात. आपण तो एकटाच मागवतो आणि भाकरीइतकी अपेक्षा करतो.

आम्ही चौघं जातो तेव्हा मिनेस्ट्रोने सूप दोघांत एक, दोन पास्ते, एक पिझ्झा आणि एक सॅलड मधे ठेवून वाटून खातो. इटलीतला माणूस कदाचित असं वाटून खाणार नाही, पण आपल्याला सगळ्याची चव मिळते, पोट भरतं आणि बिलही माणशी ठीक बसतं. वहिनींना सांगितलं की त्या न मागता जादा ताटल्या आणून देतात.

नवी_पेठ

मी बाबांना घेऊन गेले होते, वय ७४. त्यांचा पहिलाच घास आणि चेहरा बघून मला कळलं. म्हणाले, 'अगं शिजलं नाही हे, आत परत दे.' मला तिथं काय सांगावं सुचेना. पास्ता थोडा दाताखाली लागेल असाच ठेवतात हे मला माहीत होतं पण त्यांच्या कवळीला ते कसं जमणार? वहिनी आल्या, काही न बोलता ताट घेऊन गेल्या आणि दादांनी नवीनच करून दिलं, मऊ शिजवून. बाबांनी सगळं संपवलं. त्या दोघांबद्दल माझ्या मनात फार आदर वाढला त्या दिवशी.

प्रश्न असा आहे की पुन्हा नेताना बाबांसाठी दुसरं काय मागवू? शुगर पण आहे त्यांना थोडी.

मालदांडी

@नवी_पेठ, किती छान केलं त्यांनी. काकांसाठी न्योकी विचारा, उकडलेल्या बटाट्याचे आणि थोड्या पिठाचे छोटे गोळे असतात, उकळत्या पाण्यात टाकले की शिजून वर तरंगतात, इतके मऊ की कवळीची अडचणच नाही. पण बटाटा आहे त्यामुळं शुगरसाठी अर्धीच प्लेट. पोलेंता असेल त्या दिवशी तर तेही चालेल, उत्तर इटलीतलं मक्याच्या जाडसर पिठाचं, आपल्या कण्या शिजवतात तसं ढवळत ढवळत केलेलं, वर मशरूमची भाजी घालून देतात. माझ्या सासूबाईंना तेच सगळ्यात जास्त आवडलं. आणि सूप तर हवंच, मिनेस्ट्रोनेत घेवडा, गाजर, दुधी, टोमॅटो, पालक सगळं असतं, शुगर असेल तर ब्रेड बाजूला ठेवायचा.

अक्कलकोट_रोड

आमचं घर पूर्ण शाकाहारी, लिंगायत. मुलीला तिथं जायचंय म्हणून मागं लागलीय पण माझ्या मिसेसनी कुठं तरी ऐकलंय की इटालियन चीजमध्ये वासराच्या पोटातलं काही तरी घालतात. खरं आहे का हे? पनीर-चीज म्हणजे दूधच, त्यात मांसाहार कुठून आला असं मी म्हटलं तर घरात वाद झाला. कुणी नीट माहिती द्याल का, अर्धवट नको.

ओव्हनवाली

@अक्कलकोट_रोड, मी घरगुती बेकिंगच्या ऑर्डर घेते म्हणून या गोष्टीचा जरा अभ्यास केलाय. तुमच्या मिसेस बरोबर म्हणतायत.

चीज करायला दूध घट्ट गोठवावं लागतं. पनीरला आपण लिंबू किंवा व्हिनेगर घालतो, पण बहुतेक चीजला रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेज्जानो म्हणजे ज्याला आपण ढोबळपणे पार्मेजान म्हणतो, त्याला संरक्षित नाव आहे आणि त्याच्या नियमात दूध, मीठ आणि वासराचं रेनेट एवढंच बसतं, किमान १२ महिने मुरवतात. त्यामुळं अस्सल पार्मिजानो शाकाहारी असूच शकत नाही. ग्राना पादानो, पेकोरिनो रोमानो यांचंही तेच. म्हणून पेस्तोत लसूण-बेझिलच दिसतंय म्हणून तो शाकाहारी आहे असं धरून चालू नका, आत चीज असतं.

आता चांगली बातमी. मायक्रोबियल रेनेटही असतं, ते बुरशीपासून तयार होतं, आणि आपल्याकडं बनणारं हिरव्या ठिपक्याचं चीज त्याच्यावरच असतं. तेव्हा तिथं जाऊन एकच विचारायचं, किसून घालता ते चीज कुठलं आणि पाकिटावर हिरवा ठिपका आहे का. हे विचारण्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. मी तर मिसेसना आत नेऊन पाकीट दाखवा म्हणून सांगेन, असली चांगली माणसं नाही म्हणत नाहीत.

मालदांडी

@ओव्हनवाली ताई, किती नीट समजावलंत. मी आजच वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या शाकाहारी पदार्थांना सगळं हिरव्या ठिपक्याचंच वापरतात, बाहेरचं पार्मिजानो फक्त कार्बोनाराला (अंडं-मांसाच्या पास्त्याला), ती किसणी आणि तो डबा वेगळा आणि पॅनही वेगळे. सांगून ठेवलं तर टेबलावर आणून दाखवू असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पेस्तोत पाइन नटच्या जागी काजू घालतात, आपल्याकडं चिलगोजे परवडत नाहीत म्हणून.

पूर्वभाग

काजूच्या जागी शेंगदाणे घाला म्हणावं बे त्यांना, सोलापुरात बसून काजू कशाला! गंमत नाही, खरंच म्हणतोय. सोलापूरचा पेस्तो म्हणून मेनूत लिहा, मी पहिला गिऱ्हाईक.

अक्कलकोट_रोड

ओव्हनवाली ताई, मालदांडी ताई, दोघींचे मनापासून आभार. मिसेसना वाचून दाखवलं. रविवारी जातोय, फोन करून.

कार्बोनारा_प्रेमी

मी मूळचा जुळे सोलापूरचा, नोकरीमुळं पुण्यात असतो. धाग्यावर कार्बोनारा वाचून थांबलो, कारण पुण्यातसुद्धा दहा ठिकाणी कार्बोनारा मागवला तर नऊ ठिकाणी क्रीम घातलेलं येतं. रोमकडच्या पद्धतीत अंड्याचा बलक, पेकोरिनो, मिरपूड आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस एवढंच, क्रीम नाही. गॅसवरून उतरवून बलक घालायचा आणि गरम पास्त्याच्या उष्णतेवरच तो घट्ट होऊ द्यायचा, गॅसवर ठेवला की अंडा भुर्जी झालीच म्हणून समजा. त्या दादांना हे जमत असेल तर मी पुढच्या वेळी घरी आलो की आधी तिथं येणार.

अल्फ्रेडो पास्त्याचंही तसंच. रोममधल्या आल्फ्रेदो दी लेलिओ यांच्या रेस्टॉरंटमुळं तो जगभर गेला आणि त्यात मुळात लोणी आणि पार्मिजानो एवढंच. आपल्याकडं मैदा-दूध-लोण्याचा व्हाइट सॉस करून त्याला अल्फ्रेडो म्हणतात. व्हाइट सॉसला माझा विरोध नाही, लझान्यात तो हवाच, तिथं त्याला बेशामेला म्हणतात आणि थरांना तोच धरून ठेवतो. पण दर पास्त्यावर तोच ओतला की सगळ्याची चव एक होते, मग मेनूत वीस नावं कशाला.

एक विचारायचंय, हुतात्मा एक्स्प्रेसने आलो तर स्टेशनवर उतरेपर्यंत रात्र होते. स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असतं?

मालदांडी

साडेदहाला शेवटची ऑर्डर. हुतात्मा वेळेवर असेल तर स्टेशनवरून रिक्षानं थेट या, फोन करून ठेवा, थांबतात ते. आणि हो, कार्बोनारा क्रीमशिवाय करतात, मी अंडं खात नाही पण आमच्या ह्यांनी खाल्लाय आणि अजून त्याचंच नाव काढतात.

कण्हेर

इथं सगळे इटालियन म्हणजे मैदा म्हणतायत म्हणून लिहितो, मी बार्शी तालुक्यातला, शेती आहे. वाळवलेला पास्ता मैद्याचा नसतो, दुरुम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर १९६७ पासून तसा कायदाच आहे, कोरडा पास्ता दुरुमचाच पाहिजे. दुरुम म्हणजे आपल्याकडचे बन्सी, बक्षी हे गहू, ज्याच्या रव्याच्या शेवया आपल्या आया-आज्या पाटावर करत आल्या. दाणा कडक, पिवळसर, चिकटपणा वेगळा, म्हणून शिजल्यावर गिचका होत नाही. दुकानात पाकीट घेताना मागं बघायचं, ड्युरम सेमोलिना लिहिलं असेल तर घ्या.

अजून एक. आपल्या भागात लग्नाकार्यात हुग्गी करतात, खपली गव्हाची, गूळ घालून. तोच खपली गहू इटलीत फार्रो म्हणून खातात, तोस्काना भागात घेवडा आणि फार्रो घालून दाट सूप करतात. गार्फान्याना नावाच्या डोंगराळ भागातल्या फार्रोला तर युरोपात संरक्षण मिळालंय, जसं आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या दादांना कुणी तरी सांगा की बाबा तू हे सूप ठेव मेनूवर, खपली मी देतो. आमच्या भागातला शेतकरी ज्या गव्हाला गिऱ्हाईक नाही म्हणून लावायचं सोडत होता त्याला शहरातल्या हॉटेलनं मागणी दिली तर यापेक्षा चांगलं काय.

मालदांडी

@कण्हेर दादा, तुमचा निरोप मी स्वतः पोचवणार. नंबर व्यनि करा.

हिशेबनीस

जेवणाचं सगळ्यांनी लिहिलंय, मी बिलाचं लिहितो, धंदाच तो आहे. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर जीएसटी ५ टक्के असतो. हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या करयोजनेत) असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं, तेव्हा बिल आलं की वरती बघायची सवय लावा.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ च्या मार्चमध्ये त्याला दुजोरा दिला. मागं एका मोठ्या शहरात आम्ही जेवलो तिथं १० टक्के लावला होता, काढा म्हटल्यावर मॅनेजरनं बायको-पोरांसमोर अर्धा तास हुज्जत घातली. असं झालं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. आपल्या सात रस्त्याच्या जागी मी माझी दोन वेळची बिलं तपासली, सर्व्हिस चार्ज नाही, पाणी फिल्टरचं, फुकट, न मागता तांब्या भरून ठेवतात. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, टँकर मागवून हे चालवायलेत, तरी बाटली गळ्यात मारत नाहीत, म्हणून मी टिप हातात देऊन आलो, खुशीनं.

ओव्हनवाली

पिझ्झ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! नेपल्सचा पिझ्झा ४८० डिग्रीच्या आसपासच्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो, म्हणून त्याची कड फुगते, वर काळे ठिपके येतात आणि मधला भाग ओलसर मऊ राहतो. ती कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या घरातला ओव्हन २५० च्या पुढं जात नाही, तिथं तोच पिझ्झा दहा मिनिटं ठेवला की पापड होतो. इथल्या दादांकडं गॅसची दगडी तळाची भट्टी आहे, मी विचारलं तर म्हणाले साडेतीनशेच्या वर नेतात, तीन-चार मिनिटं लागतात. नेपल्स नाही, पण कड छान फुलते आणि खालून खरपूस लागते.

मला जास्त कौतुक पिठाचं वाटतं. सोलापूरचा मे महिना, ४२-४३ डिग्री, यीस्ट घातलेलं पीठ बाहेर ठेवलं की तासाभरात फसफसून आंबट. ते यीस्ट चिमूटभर घालतात, बर्फाच्या पाण्यात मळतात आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे हळू फुगतं, चव येते आणि पचायलाही बरं. मळलेल्या पिठाचे गोळे ट्रेमध्ये झाकून ठेवलेले मी बघितले, वरून बोट दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. माझ्या स्वतःच्या पावाला मी आता तेच करते.

मार्गारिटा मागवा, टोमॅटो, मोझरेला, बेझिल, तीनच गोष्टी, त्यामुळं पीठ कसंय ते कळतं. पनीर-मक्का-ढोबळी मिरची घातली की पीठ लपतं.

उजनीकाठ

मोझरेलावरून आठवलं. इटलीत कंपानिया भागात म्हशीच्या दुधाचा मोझरेला करतात, १९९६ पासून त्याला युरोपात संरक्षित नाव आहे, आणि जगात सगळ्यात भारी तोच मानतात. आणि आपल्याकडं काय, तर पंढरपुरी म्हैस! लांब तलवारीसारखी शिंगं, कमी चाऱ्यावर तग धरणारी. दूध आपल्या दारात आहे आणि चीज बाहेरून पाकिटात येतंय. मोहोळ-पंढरपूरकडच्या कुणा तरुणानं ताजा मोझरेला करायचं मनावर घ्यावं असं फार वाटतं, खाऱ्या पाण्यात ठेवलेला, दोन-तीन दिवसांत संपवायचा, सोलापुरातल्या सोलापुरात खपेल.

कण्हेर

एकदम बरोबर. दुधाला भाव नाही म्हणून रडण्यापेक्षा हे शिकायला पाहिजे. दही गरम पाण्यात ताणून गोळा करायचा असतो असं व्हिडिओत बघितलंय, हात भाजतात पण जमण्यासारखं आहे.

ओव्हनवाली

दादा दही नाही, रेनेट घालून गोठवलेलं दूध असतं ते, आंबटपणा ठरावीक झाला की मगच ताणलं जातं, नाही तर तुटतं. खरंच करणार असाल तर सांगा, मला जेवढं येतं तेवढं शिकवीन, पैसे नकोत.

अक्कलकोट_रोड

जाऊन आलो रविवारी. वहिनींनी चीजचं पाकीट टेबलावर आणून दाखवलं, मिसेसचं समाधान झालं, मग कुठं ती जेवली नीट. पेस्तो घेतला. आमची आई ८० वर्षांची, तिनं बोटानं चाटून बघितला आणि म्हणाली, 'चटणी चांगलीय, तिखट कमीय.' वहिनींनी आतून मिरचीचं तेल आणून दिलं वाटीत, इटलीच्या दक्षिणेला कालाब्रिया भागात लोक असंच तिखट खातात म्हणाल्या. आईनं ते घालून घेतलं आणि पुढं ब्रेडला लावून खात बसली. मुलगी खूश, आई खूश, मला अजून काय पाहिजे.

तिरामिसू मात्र नाही घेतला, अंडं असतं का त्यात?

मालदांडी

वाचून फार बरं वाटलं काका! मूळ तिरामिसूत कच्च्या अंड्याचा बलक असतो, मास्कारपोने चीज, कॉफीत बुडवलेली लांब बिस्किटं आणि वर कोको. ती लांब बिस्किटंही अंड्याचीच असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, नुसतं क्रीम एगलेस असून चालत नाही. इथं दोन्ही प्रकार करतात, बिनअंड्याच्यात स्पंजही बिनअंड्याचा, पण तो आदल्या दिवशी सांगावा लागतो कारण रात्रभर मुरायला लागतो. पन्ना कोत्ता (गोठवलेल्या क्रीमचं गोड) मात्र विचारू नका, त्यात प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, शाकाहारी नाही. ते जेव्हा अगार (समुद्री शेवाळाचं) घालून करतात तेव्हा फळ्यावर हिरव्या खडूनं लिहितात.

पूर्वभाग

मंडळी, मी परत गेलतो. उजनीकाठ दादांनी सांगितलं तसं वाटून घेतलं, आम्ही चौघं, दोन सूप, मार्गारिटा, पेस्तो आणि अ‍ॅलिओ ओलिओ. पोट भरलं, चौपाटीवर थांबायची गरज पडली नाही. पिझ्झ्याला माझे पैकीच्या पैकी, कड तर नुसती खाल्ली. पास्त्याचं माझं मत अजून तेच आहे, साडेतीनशे जास्त आहेत, अडीचशेला दिला तर आमच्या भागातली पोरंपण येतील. हे मी दादांना तोंडावर सांगितलं. त्यांनी राग नाही मानला, म्हणाले ऑलिव्ह तेलाचा डबा काय भावानं येतो बघा, आणि मला डबा दाखवला. मग म्हणाले दुपारी १२ ते ३ अर्धी प्लेट ठेवायचा विचार चाललाय. ठेवा म्हटलं, कारखान्यातली पोरं घेऊन येतो.

उजनीकाठ

अर्धी प्लेट ही फार चांगली कल्पना आहे. नवीन माणसाला चव बघायला कमी पैशात धाडस करता येतं. सगळ्यांनी मिळून सांगितलं तर नक्की ठेवतील.

नवी_पेठ

बाबांना परत नेलं, न्योकी दिली. आता ते दर आठवड्याला कधी जायचं विचारतात. मधल्या वारी, साडेसातला जा सगळ्यांनी, शनिवारी-रविवारी बाहेर उभं राहावं लागतं आणि म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांवर बसवावं लागतं ते बरोबर नाही. शिवाय एवढी छोटी जागा फक्त शनिवार-रविवारच्या गर्दीवर टिकत नाही, भाडं सातही दिवसांचं असतं. आपण मंगळवार-बुधवार गेलो तर त्यांचं चालेल.

कार्बोनारा_प्रेमी

संक्रांतीला घरी येतोय. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात तिकडचा रस्ता सुरू असतो का? होम मैदानाकडं गाडी नेताच येत नाही एवढंच आठवतंय.

मालदांडी

होम मैदान, पार्क चौकाकडून येऊ नका, तिकडं वाहतूक वळवलेली असते. होटगी रोडकडून सात रस्त्याला या, गाडी मेन रोडलाच लावा, गल्लीत फक्त टू-व्हीलर मावते. यात्रेच्या दिवसात बाहेरगावचे पाहुणे घेऊन सगळेच येतात तेव्हा आदल्या दिवशी फोन करून किती जण, कोण म्हातारं, कोण बिनअंड्याचं ते सांगून ठेवा. आणि तुम्ही याल तेव्हा कण्हेर दादांची खपली पोचलेली असेल, १० किलो मागवलीय त्यांनी, सूप ठेवणार आहेत जानेवारीपासून.